‘खालून दुर्बीण’ घालायची म्हणजे काय?

(महिला आरोग्य शिबिरात कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचे हे लेखी रूप. चर्चेत विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे शेवटी दिली आहेत.)



पाळी, बाळंतपण, पांढरे जाणे, गर्भपिशवीचे आजार या विषयांवर आपण शिबिरांतून वर्षानुवर्षे बोलत आलो आहोत. सुरुवातीला तोंडाला पदर लावून बसणाऱ्या बाया आता मोकळेपणाने प्रश्न विचारतात. पण शरीराची एक जागा अजूनही आपल्या बोलण्यात येत नाही. ती म्हणजे शौचाची जागा. तिथून रक्त जात असले तरी बाई शेजारणीला सांगत नाही, नवऱ्याला सांगत नाही आणि डॉक्टर पुरुष असले तर त्यांनाही ‘पोटात गडबड आहे’ एवढेच सांगते.

या गप्प बसण्याची किंमत मोठी असते. शौचातून रक्त पडले की आपण स्वतःच निदान करून टाकतो, ‘मूळव्याध असेल’. मग दुकानातून मलम येते, कोणीतरी झाडपाला सांगते. एस.टी. स्टँडच्या भिंतीवर ‘मूळव्याध, भगंदर, हमखास इलाज’ अशी पाटी असतेच, तिथे गुपचूप पैसे जातात. पुष्कळदा ती मूळव्याधच असते, हे खरे. पण नेहमी नसते. मोठ्या आतड्याला झालेला दाह, आतड्याचा क्षय, आतड्यातली गाठ किंवा कॅन्सर यांतही रक्त जाते. न तपासता वरून ओळखता येत नाही.

दुसरी गोष्ट रक्त कमी असण्याची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५७ स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. हे इतके सर्रास आहे की त्याचे कोणाला काही वाटेनासे झाले आहे. ‘बाईमाणूस आहे, पाळी जास्त जात असेल, खाण्यात लोह नसेल’ असे म्हणून गोळ्या हातात ठेवतात. बहुतेकींच्या बाबतीत कारण तेच असते. पण पाळी जाऊन पाच-सात वर्षे झालेल्या बाईचे हिमोग्लोबिन लोहाच्या कमतरतेने घसरत असेल तर ते रक्त जाते कुठे, हा प्रश्न विचारायलाच हवा. आतड्यातून रोज थोडे थोडे रक्त झिरपत असेल तर ते डोळ्यांना दिसतही नाही. अशा वेळी अन्नमार्ग वरून आणि खालून, दोन्हीकडून तपासावा लागतो.

खालून केलेल्या तपासणीला कोलोनोस्कोपी म्हणतात. आपल्याकडे लोक म्हणतात, ‘खालून दुर्बीण घातली’. नुसत्या या शब्दांनीच बाई घाबरते आणि तारीख पुढे ढकलते. म्हणून आज या तपासणीची सगळी माहिती घेऊ. तपासणी करून घ्यायची की नाही हे ज्या बाईचे शरीर आहे तिने ठरवायचे आहे, आणि माहिती असल्याशिवाय ठरवता येत नाही.

ही दुर्बीण करते काय?

मोठे आतडे साधारण दीड मीटर, म्हणजे पाच फूट लांब असते. ओटीपोटात उजव्या बाजूला सुरू होऊन ते वर जाते, आडवे होते, डाव्या बाजूने खाली उतरते आणि गुदद्वारापाशी संपते. कोलोनोस्कोप ही बोटाएवढ्या जाडीची, हवी तशी वळणारी लांब नळी असते. तिच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा असतो. ती गुदद्वारातून हळूहळू आत सरकवतात आणि आतड्याचे अस्तर पडद्यावर दिसते. आतडे फुगावे म्हणून थोडी हवा किंवा कार्बन डायऑक्साइड वायू सोडतात.

नळीतूनच एक बारीक चिमटा आत जातो. संशय आला तर त्याने अस्तराचा कणाएवढा तुकडा काढून तपासायला पाठवतात. तुकडा पाठवला म्हणजे कॅन्सरच आहे असे नाही. क्षय आहे की दाह आहे हे ओळखण्यासाठीही तुकडा लागतो. अस्तरावर कधी चामखिळीसारखी वाढ असते, तिला पॉलिप म्हणतात. बहुतेक पॉलिप निरुपद्रवी राहतात, काहींचा पुढे कॅन्सर होतो. त्याला बहुधा दहा वर्षांच्या आसपास काळ लागतो. तारेच्या फासाने असा पॉलिप त्याच बैठकीत काढून टाकता येतो. न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांनी १९६९ साली हे प्रथम करून दाखवले. तोवर त्यासाठी पोट उघडावे लागत असे. आतड्याच्या अस्तराला कापल्याची वेदना होत नाही, त्यामुळे तुकडा किंवा पॉलिप काढताना दुखत नाही.

खरा त्रास घरी असतो

ज्यांनी ही तपासणी करून घेतली आहे त्या बहुतेक जणी सांगतात की दुर्बिणीपेक्षा तिची तयारी जड गेली. आतडे पूर्ण स्वच्छ नसेल तर डॉक्टरांना काही दिसत नाही आणि सगळे पुन्हा करावे लागते. म्हणून तयारी नीट समजून घ्या.

आधीचे दोन-तीन दिवस चोथा नसलेले हलके अन्न घ्यायचे. मऊ भात, वरणाचे पाणी, ताक, इडली, साधा पाव चालतो. भाकरी, पालेभाजी, मोड आलेली कडधान्ये, शेंगदाणे, तीळ, आणि पेरू, टोमॅटो, वांगे यांसारखे बियांचे पदार्थ बंद. आदल्या दिवशी फक्त आरपार दिसणारे पातळ पदार्थ घ्यायचे, जसे पाणी, गाळलेले लिंबू सरबत, नारळपाणी, बिनदुधाचा चहा. लाल रंगाचे काही नको, म्हणजे कोकम सरबत नको आणि बीटही नको. आत तो रंग रक्तासारखा दिसतो.

मग जुलाबाचे औषध. पावडर पाण्यात कालवून एकूण २ ते ४ लिटर प्यायची असते. निम्मे आदल्या संध्याकाळी आणि निम्मे तपासणीच्या दिवशी पहाटे घेतले की आतडे जास्त स्वच्छ होते आणि पिणेही सोपे जाते. थंड करून, थांबत थांबत प्यावे. मळमळले तर अर्धा तास थांबावे. शौच पिवळसर पाण्यासारखे आरपार होऊ लागले की तयारी झाली असे समजावे. गुंगीत उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून तपासणीच्या आधी काही तास पाणीही बंद करतात. किती तास, ते रुग्णालयातून लिहून घ्या.

हे सगळे छापील कागदावर दोन ओळींत असते. पण आपल्या घरांत ते कसे व्हायचे? रात्रीत आणि पहाटे मिळून दहा-पंधरा वेळा संडासला जावे लागते. ज्या चाळीत दहा बिऱ्हाडांत एक संडास आहे, ज्या वस्तीत पाणी एक दिवसाआड येते, ज्या घरातून अंधारात बाहेर जावे लागते, तिथल्या बाईने काय करायचे? आणि त्याच दिवशी स्वतः उपाशी राहून घरच्यांचा स्वयंपाक तिनेच करायचा, धुणे-भांडी तिनेच करायची, जमले तर मजुरीही बुडवायची नाही! पुरुषाची तपासणी असते तेव्हा त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन उभी असते. बाईची तपासणी असते तेव्हा कोण उभे असते?

म्हणून तारीख घेतानाच डॉक्टरांना घरची परिस्थिती सांगा. संडासची सोय नसेल, बाई म्हातारी किंवा अशक्त असेल, मधुमेह असेल तर आदल्या दिवशी दाखल करून तयारी करून घेता येते. हे मागण्यात लाज नाही. जुलाबाने चक्कर येऊ शकते, तेव्हा रात्री घरात दुसरे माणूस असावे.

डॉक्टरांना न विसरता सांगायच्या गोष्टी

लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्या पाच ते सात दिवस आधी बंद कराव्या लागतात. त्यांनी शौच काळे आणि चिकट होते, आतले नीट दिसत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा मधुमेहाचे औषध चालू असेल तर सांगा. ती औषधे आपल्या मनाने बंदही करू नका आणि चालूही ठेवू नका. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर जुलाबाचे औषधच वेगळे निवडावे लागते. गरोदर असाल किंवा दिवस गेल्याची शंका असेल तर आधी सांगा. अगदी तातडीचे नसेल तर ही तपासणी पुढे ढकलतात.

पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल, सिझेरियन झाले असेल किंवा गर्भपिशवी काढली असेल तर तेही सांगा. अशा शस्त्रक्रियेनंतर आतडी एकमेकांना चिकटलेली असू शकतात आणि नळी वळवताना जास्त दुखू शकते. तसेही स्त्रियांचे मोठे आतडे सरासरीने पुरुषांपेक्षा थोडे लांब भरते. ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी १९९६ साली हे मोजून मांडले. म्हणजे दुखते म्हणून ओरडणारी बाई ‘नाजूक’ किंवा ‘नखरेल’ नसते. तिचे दुखणे खरे असते, आणि गुंगीचे औषध वाढवून किंवा थोडे थांबून ते कमी करता येते.

तपासणीच्या खोलीत

मागून उघडणारा झगा घालायला देतात. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपायला सांगतात. शिरेतून गुंगीचे इंजेक्शन देतात. काही ठिकाणी भूलतज्ज्ञ पूर्ण झोप आणतात, काही ठिकाणी बाई अर्धवट जागी असते, काही ठिकाणी काहीच देत नाहीत. आपल्याला काय देणार आणि त्याचे पैसे वेगळे पडणार का, हे आधीच विचारा. डॉक्टर प्रथम बोटाने तपासतात, मग नळी घालतात. पोट फुगल्यासारखे वाटते, कळ येते, शौचाला झाल्यासारखे वाटते. आतडे रिकामे असते, त्यामुळे ‘इथेच होईल’ ही भीती बाळगू नका. वारा सरला तर सरू द्या, तो त्यांनीच भरलेला असतो. साधारण अर्ध्या तासात काम होते.

अंगावर पांघरूण मागणे, खोलीत गरज नसलेली माणसे नकोत म्हणणे हा आपला हक्क आहे. पुरुष डॉक्टर तपासत असताना स्त्री रुग्णाजवळ दुसरी स्त्री हजर असली पाहिजे, असे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्ण हक्क सनदेत म्हटले आहे. महाराष्ट्रात २०२१ साली शुश्रूषागृहांच्या नोंदणी नियमांत दुरुस्ती झाली. तेव्हापासून खाजगी रुग्णालयांनी रुग्ण हक्क सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. ती लावली आहे का, हे गेल्या गेल्या बघा.

आपल्यापैकी ज्यांनी लैंगिक अत्याचार सोसला आहे त्यांना ही तपासणी फार जड जाऊ शकते. सगळी हकीगत सांगायची गरज नाही. ‘मला अशा तपासणीची भीती वाटते, करण्याआधी प्रत्येक गोष्ट सांगा, मी हात वर केला की थांबा’ एवढे सांगितले तरी पुरते. पूर्ण झोपेची मागणीही करता येते.

सही कशावर करतो?

संमतीपत्रावर सही तपासून घेणाऱ्या बाईची लागते. ती सज्ञान आणि शुद्धीवर असेल तर नवऱ्याच्या, सासऱ्याच्या किंवा मुलाच्या सहीची कायद्याला गरज नाही. २००८ साली सर्वोच्च न्यायालयासमोर दिल्लीतल्या एका स्त्रीचा खटला आला होता. तिने दुर्बिणीच्या तपासणीला संमती दिली होती. ती भुलीत असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन डॉक्टरांनी तिची गर्भपिशवी आणि बीजकोश काढून टाकले. न्यायालयाने सांगितले की तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे, आणि जीव धोक्यात नसताना दुसऱ्या कोणाची संमती चालणार नाही.

म्हणून सही करण्याआधी कागद वाचून घ्या, येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. पॉलिप दिसला तर त्याच वेळी काढणार का? बहुधा तेच सोयीचे असते, पण ते कागदावर लिहिलेले असावे. धोके काय? आतड्याला भोक पडण्याचा धोका हजारात एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. पॉलिप काढला तर तो थोडा वाढतो आणि रक्तस्रावही होऊ शकतो. नळी दर रुग्णानंतर जंतुनाशकाने नीट धुतात का, हेही बेलाशक विचारा.

घरी आल्यावर

गुंगीचा अंमल २४ तास धरायचा. त्या दिवशी गाडी चालवू नये, चुलीपाशी किंवा यंत्रापाशी काम करू नये, आणि कोणत्याही कागदावर सही किंवा अंगठा देऊ नये. ही शेवटची सूचना डॉक्टर सगळ्यांनाच देतात. आपल्याकडे जमिनीच्या आणि बँकेच्या कागदांवर बायांचे अंगठे कसे घेतले जातात हे आपण जाणतो, म्हणून ती विशेष लक्षात ठेवा.

थोडा वारा, थोडी कळ, तुकडा काढला असेल तर रक्ताचा एखादा ठिपका एवढे चालते. पण पोट सतत आणि वाढत दुखत असेल, कडक फुगले असेल, ताप आला, उलट्या झाल्या, रक्ताच्या गाठी पडल्या तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा. पॉलिप काढला असेल तर रक्तस्राव दोन आठवड्यांपर्यंत कधीही होऊ शकतो.

अहवाल लेखी घ्या. त्यात तीन गोष्टी पाहा. दुर्बीण मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे सीकमपर्यंत पोचली का? आतडे पुरेसे स्वच्छ होते का? काय दिसले, काय काढले, पुढची तपासणी कधी? तुकड्याचा अहवाल काही दिवसांनी येतो. तो आणायला जायचे राहून जाते आणि निदान कागदावरच पडून राहते. तारीख लिहून ठेवा.

प्रत्येकीला हवीच का?

नाही. बीडमध्ये काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे. २०१९ साली झालेल्या पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. बाईच्या शरीरावर गरज नसताना केलेल्या उपचारांचा इतिहास जुना आहे. म्हणून ‘कशासाठी?’ हा पहिला प्रश्न. चार दिवसांचे जुलाब, नुसता गॅस, तरुण मुलीची साधी बद्धकोष्ठता यांसाठी बहुधा ही दुर्बीण लागत नाही. अमेरिकेत २०२१ पासून ४५ व्या वर्षापासून सर्वांनाच मोठ्या आतड्याची तपासणी सुचवतात. आपल्याकडे हा कॅन्सर तिकडच्या मानाने कमी आहे. सरकारी मोहिमेत ३० वर्षांवरील व्यक्तींच्या तोंडाची आणि स्त्रियांच्या स्तनाची व गर्भाशयमुखाची तपासणी आहे, आतड्याची नाही.

पण शौचातून रक्त, महिनाभर टिकणारे जुलाब किंवा शौचाची बदललेली सवय, विनाकारण घटणारे वजन, पाळी गेल्यावरची रक्तपांढरी, आणि आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कोणाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर, यांपैकी काही असेल तर टाळू नका. वय कमी आहे म्हणूनही टाळू नका.

खर्चाचा प्रश्न राहतो. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात खाजगीपेक्षा पुष्कळ कमी खर्च येतो, मात्र तारखेसाठी थांबावे लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला आजार आणि त्याची तपासणी बसते का, हे योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला आधी विचारा.

गटाचे काम इथून सुरू होते. तपासणीच्या आदल्या रात्री तिच्या घरी एकीने झोपायचे. ज्या मैत्रिणीच्या घरात संडास आहे तिने तो त्या रात्रीपुरता मोकळा ठेवायचा. दोघींनी तिच्या घरचा डबा द्यायचा, मुले सांभाळायची. एकीने बरोबर जाऊन बाहेर नव्हे, डॉक्टरांपुढे बसायचे आणि वहीत लिहून घ्यायचे. आठवड्याने तिनेच तुकड्याचा अहवाल आणायला जायचे. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत कर्जाच्या हप्त्याबरोबर एवढा विषय घ्या: ‘कोणाला तिथून रक्त जाते का?’ पहिल्यांदा कोणी बोलणार नाही. दुसऱ्यांदा विचारा.

चर्चेत आलेले प्रश्न

*तपासणीच्या दिवशी पाळी आली तर?*
तपासणी होते. सिस्टरला सांगा आणि पॅड लावा. पाळीमुळे तारीख बदलण्याची गरज नाही.

*पाळणा लांबवण्याची गोळी चालू असेल तर?*
जोराच्या जुलाबात गोळी अंगी लागत नाही. पुढचे सात दिवस निरोधसारखे दुसरे साधनही वापरावे.

*तुकडा काढला की कॅन्सर पसरतो म्हणतात, खरे का?*
नाही. अस्तराचा कणभर तुकडा काढल्याने कॅन्सर पसरत नाही. उपचाराला उशीर झाला की पसरतो.

*याहून सोपी तपासणी नाही का?*
शौचात न दिसणारे रक्त शोधण्याची साधी तपासणी आहे, सी.टी. स्कॅननेही आतडे पाहता येते. पण त्यांत काही आढळले तर शेवटी दुर्बीण लागतेच. आणि डोळ्यांना रक्त दिसत असेल तेव्हा शौचाच्या तपासणीवर विसंबून राहू नये.